फुल रिस्पेक्टमध्ये तळपट

लिफ्टच्या अगदी समोर ज्या बाईचं दार असतं, तिला चौकशा कराव्या लागत नाहीत. लोकच येऊन सांगतात. निदान मी तरी असंच म्हणते. शारजात अल मजाजला आमच्या शेजारी राहणाऱ्या वैशालीचा मुलगा ओजस कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये गेला, आणि तेव्हापासून माझ्या दारात दोन गोष्टी साठायला लागल्या: त्याच्या बुटांतली वाळू आणि त्याच्या टीमचे किस्से. वाळू मी रोज झाडते. किस्से झाडून कुठं टाकणार? म्हटलं, लिहून काढावेत.

मी मूळची कराडची, दहावी पास. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आता थोडं कळतं. शेजारधर्माला तेवढं पुरतं.

* * *

सीझन नुकताच सुरू झाला होता. ओजस लिफ्टमधून तोंड पाडून बाहेर आला.

"काय रे, काय झालं?"

"आय गॉट अ यलो कार्ड, काकू." आमच्याकडची पोरं अशीच. आपण मराठीत विचारायचं, ती इंग्लिशमध्ये सांगणार.

मी म्हटलं, "अरे वा, मग पेढे कुठायत?"

आमच्या गल्लीत पिवळ्या कार्डासाठी लोकांनी तहसीलला खेटे घालून चपला झिजवल्या होत्या. पिवळं रेशनकार्ड म्हणजे तांदूळ स्वस्त, गहू स्वस्त. मी तशीच वैशालीकडे गेले. म्हटलं, शारजात हे कधीपासून देतात? आमच्या ह्यांचं नाव घालता येईल का?

वैशाली आधी हसली, मग डोळे पुसून तिनं समजावून सांगितलं. मैदानावर वाईट वागलं की रेफ्री पिवळं कार्ड दाखवतो. ओजस कुणाला लाथ मारत नाही, ढकलत नाही. त्याचं सगळं दुखणं जिभेत. रेफ्रीला म्हणाला होता, "ओपन युअर आईज, हबीबी."

"आणि याहून वाईट वागला, तर मग केशरी का?" मी विचारलं.

"केशरी नसतं हो, काकू. डायरेक्ट लाल."

* * *

टीमचे कोच बशीर सर, केरळचे. शिस्तीचा माणूस. पण शिक्षा द्यायची त्यांची पद्धत मला आवडायची. प्रॅक्टिसला जो उशिरा येईल, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमसाठी चहा आणि खायला काहीतरी आणायचं.

एकदा ओजसला उशीर झाला. वैशाली ऑफिसला, म्हणून थर्मासभर आल्याचा चहा आणि डबाभर चिवडा मी दिला. डबा रिकामा परत आला. तळाचं मीठसुद्धा कुणीतरी बोटानं पुसून खाल्लेलं.

मग ओजसला सारखाच उशीर व्हायला लागला. वैशाली चिडली, "तुला वेळ कळत नाही का?" तो शपथेवर सांगायचा की मला मेसेजच साडेपाचचा आला होता. आणि प्रॅक्टिस असायची पाचची.

शेवटी मी त्याचा फोन मागून घेतला. नाक खुपसायची सवय कधीकधी उपयोगी पडते. चुकीची वेळ कळवणाऱ्यांत आधी गोलकीपर होता, मग त्याचे दोन मित्र.

शेवटचा मेसेज खुद्द बशीर सरांचा होता.

* * *

हा गोलकीपर म्हणजे बिलाल. लाहोरचा, दरवाज्याएवढा रुंद, आणि मनानं लोणी. बशीर सरांनी नियम केला होता: रेफ्रीशी फक्त कॅप्टननं बोलायचं, बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. आणि कॅप्टन कोण? ओजस. म्हणजे ज्याच्या तोंडाची भीती, बोलायचं काम त्याच्याचकडे. सरांना म्हणे वाटलं होतं, जबाबदारी पडली की सुधारेल. आपल्याकडे लग्न लावून देताना म्हणतात तसं.

एका मॅचला रेफ्रीनं आमच्याविरुद्ध फ्री किक दिली. बिलालला ती पटली नाही. पण बोलायचं कसं? नियम म्हणजे नियम. बिचारा गोल सोडून धापा टाकत निघाला, पार पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या ओजसला गाठलं आणि म्हणाला, "कॅप्टन, रेफ्री को बोलो, ये फाउल नहीं था."

ओजस म्हणाला, "बिलालभाई, गोल में कौन है?"

दोघांनी मागे वळून बघितलं. चेंडू जाळ्यात जाऊन विसावला होता.

बशीर सरांना त्याला रागावताही येईना. पोरानं शिस्त तर पाळलीच होती.

* * *

आता खरी गोष्ट. ओजसला आणखी एक पिवळं कार्ड मिळालं, पुन्हा जिभेसाठीच. बशीर सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तोंडामुळे अजून एक कार्ड, की खलास. शर्ट परत कर आणि घरी जा."

त्या दिवशी पोरगं आमच्या किचनमध्ये येऊन बसलं. तो शर्ट वैशाली मशीनला लावत नाही, हातानं धुते. त्याच्यासाठी फुटबॉल म्हणजे सगळं. मला गलबलून आलं.

"बोलतोस कशाला पण?"

"काकू, इट जस्ट कम्स आऊट."

मी विचार केला. वाफ आहे, ती बाहेर पडणारच. शिट्टी काढून ठेवली तर कुकर फुटेल. मग मीच तोडगा काढला. इंग्लिश रेफ्रीला कळतं, हिंदी इथं अख्ख्या गल्फला कळतं, अरबी तर त्यांचीच. म्हटलं, "मराठीत बोल. आणि हसून बोल. हात मागे बांधून, मान झुकवून, फुल रिस्पेक्टमध्ये."

अडचण एकच. त्याचं मराठी 'जेवायला ये' आणि 'दार लाव' एवढंच. मग कणीक मळता मळता मी शिकवणी घेतली.

"मेल्या."

"मीनिंग ही इज डेड?"

"नाही रे, जिवंत असतो म्हणूनच म्हणायचं."

"तुझ्या डोळ्यांत फूल पडलंय का."

"फ्लॉवर? दॅट्स सो नाइस, काकू."

"तुझी शिट्टी गंजो. तुझं तळपट होवो."

'तळपट' त्याला फार आवडलं. जाताना लिफ्टमध्ये घोकत होता. आमच्या मजल्यावरच्या फिलिपिनो बाईला वाटलं, तो गुड मॉर्निंग म्हणतोय. तीही म्हणाली, "तळपट, ओजस."

* * *

आमच्या मॅचला बहुतेक एकच रेफ्री यायचे. सुदानचे यासीन साहेब, तरुणपणी म्हणे आपल्याकडे शिकायला होते. उंच, शांत, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. पुढच्याच मॅचला त्यांनी आमचा गोल रद्द केला. ओजस त्यांच्यापाशी गेला. बशीर सरांनी डोळ्यांवर हात घेतला.

ओजसनं हात मागे बांधले, गोड हसला आणि म्हणाला, "मेल्या, डोळ्यांत फूल पडलंय का?"

यासीन साहेबांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. "थँक यू, कॅप्टन," म्हणाले आणि निघाले.

मॅच संपल्यावर बशीर सरांनी टीमला उभं करून भाषण दिलं. "ओजसला बघा. निर्णय विरुद्ध गेला तरी किती अदबीनं बोलला. शिका जरा."

टीमनं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून बिलालही शिकवणीला यायला लागला.

* * *

मी मॅचला जायची ती वैशालीसाठी. पेनल्टी ओजसच मारायचा, आणि वैशालीला ते बघवायचं नाही. ती मैदानाकडे पाठ करून उभी राहायची आणि कॉमेंट्री मी करायची.

एकदा ओजसनं चेंडू मारला, आणि मी म्हटलं, "गेला."

वैशाली मटकन खाली बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी घाबरले. सगळी पोरं नाचतायत आणि ही रडतेय.

"अगं रडतेस काय? आत गेला."

"मग आधी सांगायचं ना काकू, कुठं गेला ते."

तेव्हापासून मी 'आत' आधी म्हणते.

त्याच दिवशी मी भाकरवडीचा डबा घेऊन यासीन साहेबांकडे गेले. कार्डं त्यांच्या खिशात होती, तेव्हा ओळख असलेली बरी. ओजसनं ओळख करून दिली, "सर, धिस इज माय काकू." त्यांनी एक भाकरवडी खाल्ली आणि सावकाश विचारलं, "धिस बॉय, विच लँग्वेज ही स्पीक विथ मी?"

मी डगमगले नाही. "मराठी, सर. आय टीच. फुल रिस्पेक्ट लँग्वेज."

"आय सी," ते म्हणाले आणि आणखी दोन भाकरवड्या उचलल्या.

* * *

फायनल अल ऐनला होती. कॉलेजच्या बसमध्ये मागच्या सीटवर मी आणि वैशाली. आमच्या ह्यांची जबल अलीला ड्यूटी होती, नाहीतर तेही आले असते. उतरताना बशीर सरांनी ओजसचा खांदा धरला. "लक्षात आहे ना? एक कार्ड, आणि शर्ट माझा."

रेफ्री यासीन साहेबच.

मॅच बरोबरीत अडकली. अगदी संपत आली आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. वैशालीनं पाठ केली. ओजस धावत आला आणि त्यानं चेंडू मारला.

"आत, आत गेला," मी म्हटलं. वैशालीनं मला मिठी मारली.

आणि यासीन साहेबांनी शिट्टी वाजवली. चेंडूला पाय लागायच्या आधीच आमचा एक उतावळा पोरगा रेषा ओलांडून आत घुसला होता. गोल रद्द. पेनल्टी परत मारायची.

ओजसच्या मानेची शीर मला एवढ्या लांबून दिसली. तो सरळ यासीन साहेबांकडे चालत गेला. बशीर सर बाहेरून ओरडत होते, "ओजस, नो, नो." बिलालनं गोलमध्ये उभ्या उभ्या कान धरले. वैशालीनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

ओजस थांबला. हात मागे बांधले. मान झुकवली. गोड हसला. काहीतरी म्हणाला.

यासीन साहेबांचा हात खिशाकडे गेला. खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं. मग खाली वाकून त्यांनी ओजसच्या कानात काहीतरी सांगितलं.

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. माघारी आला तो झोपेत चालल्यासारखा. चेंडू ठेवला. धावला, पण पायात जोरच नाही. चेंडू लहान पोरानं गोटी सोडावी तसा घरंगळत निघाला. समोरचा गोलकीपर तोवर जोरात उडी मारून भलतीकडेच जाऊन पडला होता. तिथून पडल्या पडल्या त्यानं चेंडूकडे बघितलं. आम्हीही बघितलं. चेंडू रेषेपाशी पोचला, जरा विचार केल्यासारखा रेंगाळला.

"काकू, सांगा ना," वैशाली म्हणाली.

"थांब, अजून जातोय... आत."

कप मिळाला, फोटो झाले, बशीर सरांनी सगळ्यांसमोर ओजसच्या शर्टाची कॉलर नीट केली. कार्ड नाही. काही नाही.

परतीच्या बसमध्ये पोरं गात होती आणि ओजस खिडकीशी एकटाच. मला कुठलं राहवतंय? त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"काय म्हणालास रे त्यांना?"

"तळपट."

"आणि ते काय म्हणाले?"

ओजसनं माझ्याकडे बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदा हा पोरगा माझ्याशी अख्खं वाक्य मराठीत बोलला.

"ते मराठीत म्हणाले, 'अरे, तळपट मागच्या मॅचला झालं. काकूंना सांग, आता काहीतरी नवीन शिकवा.'"