लाल पाटीवरचा संतरी

पडद्यावर लाल पाटी झळकली की मेजर खुर्चीत ताठ होत, उजवा हात कपाळापर्यंत नेत आणि पाटीला सॅल्यूट ठोकत.

"संतरी जागा हाय," ते म्हणत. "शाब्बास."

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला लागलेला असे. टेंडर भरायची मुदत संध्याकाळी संपणार, बाहेर मोटारसायकल चालूच ठेवलेली, आणि हा माणूस संगणकाला सॅल्यूट करतो.

"आवं मेजर, त्यो काय म्हंतोय?"

"म्हंतोय, संगं आलेला गडी वळखीचा न्हाई. आत सोडत न्हाई."

"मग?"

"मग काय? संतऱ्याशी भांडायचं न्हाई. ड्यूटी हाय त्येची."

एवढे बोलून ते न भांडता आत जायची वाट शोधू लागत.

मेजर हे त्यांचे पद नव्हते. ते लष्कराच्या सिग्नल्स विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. आमच्या सातारा-सांगलीकडे लष्करातून परतलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. खरा मेजर गावात आला तर त्याला काय म्हणायचे, हा प्रश्न अजून कुणाला पडलेला नाही.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, लेथच्या कारखान्यांच्या रांगेत, वजनकाट्याला लागून त्यांचा एक गाळा होता. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, टेंडरे, पेन्शनरांचे दाखले अशी कामे तिथे होत. वार्ताहर म्हणून वसाहतीच्या बातम्या माझ्याकडे होत्या, त्यामुळे आठवड्यातून एकदोनदा तिथे बसणे होई. बातमी क्वचित मिळे. करमणूक नेहमी मिळे.

लाल पाटीचे प्रकरण थोडक्यात सांगायला हवे. संकेतस्थळे ज्यातून उघडतात तो ब्राउझर. त्याला जोडून काम करणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लगिन. डिजिटल सही करायला, बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राशी बोलायला कित्येक सरकारी संकेतस्थळांना ही प्लगिन लागत. प्लगिन जुनी झाली, त्यांत भोके सापडली, भोके कुणी बुजवली नाहीत. ब्राउझर बनवणाऱ्यांनी मग असली प्लगिन दारातच अडवायला सुरुवात केली. संकेतस्थळ म्हणे, प्लगिनशिवाय काम होणार नाही. ब्राउझर म्हणे, प्लगिन असेल तर काम होणार नाही. या दोघांच्या मधे कुपवाडचा गाळा होता.

गाळ्यात दोन संगणक होते. दर्शनी भागातला नवा, त्याच्यावर सगळे अद्ययावत. कोपऱ्यातला जुना, त्याच्यावर हिरव्या लष्करी कांबळ्याचा तुकडा पांघरलेला. त्याला मेजर 'रिझर्व्ह' म्हणत. रिझर्व्हचा ब्राउझर त्यांनी कधीही नवा होऊ दिला नव्हता. रोज सकाळी तो विचारी, नवी आवृत्ती तयार आहे, घ्यायची का? मेजर रोज 'नंतर' दाबत.

"त्येला इचारायची सवय, मला न्हाई म्हणायची," ते म्हणत. "ब्येस चाललाय संसार."

पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखानदाराने एकदा ती पाटी मोठ्याने वाचली. तुमची माहिती चोरीला जाऊ शकते, असे तिच्यावर लिहिले होते. कारखानदार हबकला.

"चोरण्यासारखं हाय काय तुमच्याकडं?" मेजरांनी शांतपणे विचारले.

"काय सुदिक न्हाई."

"मग तसं सांगू या की त्येला."

'तरीही पुढे जा' हे बटण ब्राउझरने दुसऱ्या एका बटणाच्या पोटात, बारीक अक्षरांत लपवले होते. मेजरांनी ते अचूक काढले. "ह्ये मागलं दार. आफिसर लोकांसाठी ठिवत्यात," त्यांनी कारखानदाराला समजावले. तो त्या दिवसापासून स्वतःला ऑफिसर समजू लागला.

पुढे मागले दारही बंद झाले. प्लगिनला एक ओळखपत्र असते, त्याची मुदत संपली आणि नवे कुणी काढले नाही. दुसरा एखादा दुकानदार हात टेकून मोकळा झाला असता. मेजरांनी रिझर्व्हची तारीखच मागे नेली. संगणकाला वाटले, अजून ते साल चालू आहे. ओळखपत्र पुन्हा ताजे झाले आणि संतऱ्याने बिनतक्रार वाट दिली.

तारीख मागे नेताना मेजर परेडच्या आवाजात "पीछे मुड!" अशी आज्ञा देत. पहिल्यांदा आलेली गिऱ्हाइके खरोखर वळत.

पण कुठलीही जुनी तारीख चालत नसे. प्लगिनची मुदत संपलेली नको आणि गिऱ्हाइकाची डिजिटल सही सुरू झालेली हवी, अशी दोघांना जुळणारी तारीख शोधावी लागे. वसाहतीत त्याला मुहूर्त म्हणत. "मेजर, माजा मुहूर्त निगतोय का बगा की," असे म्हणत कारखानदार सकाळी दारात उभे राहत. एका फाउंड्रीवाल्याची कुठलीच तारीख जुळेना. मेजरांनी मान हलवली आणि सांगितले, "पत्रिका कडक हाय तुमची." त्याने हे इतके मनावर घेतले की तो खरोखरच ज्योतिषाकडे जाऊन आला.

या मुहूर्ताच्या धंद्यात मेजर फसले ते आक्काच्या वेळी.

आक्का माण तालुक्यातली, दहिवडीच्या अलीकडच्या गावची. नवरा लष्करातून निवृत्त झालेला. तो गेल्यावर तिला त्याची पेन्शन सुरू झाली आणि ती कुपवाडला लेकीकडे राहायला आली. पेन्शन आली की ती साखर आणि चहापूड विकत घ्यायची, पिशवी लेकीच्या ओट्यावर जरा जोरात ठेवायची आणि शेजारी ऐकतील अशा आवाजात म्हणायची, "ऱ्हाती लेकीपाशी, पर जावयाचं खात न्हाई." जावई सज्जन होता. त्याचे काही म्हणणे नव्हते. म्हणणे आक्काचे होते.

नोव्हेंबर आला. पेन्शनरांनी आपण जिवंत आहोत असा हयातीचा दाखला द्यायचा महिना. बँकेने सांगितले, ऑनलाइन दाखला काढून पावती आणा, नाहीतर पेन्शन थांबेल.

"थांबली तर?" मेजरांनी विचारले.

"थांबली तर गाडी धरून गावाकडं. जावयापुढं हात पसरायची न्हाई मी."

"गावाकडं कोन हाय?"

"कुलूप हाय."

गावातल्या शेजारच्या दोन्ही घरांतली माणसे मुंबईला होती, हे तिने नंतर सांगितले.

मेजरांनी रिझर्व्हवरचे कांबळे काढले. लाल पाटी आली, सॅल्यूट झाला, "पीछे मुड" झाले. आक्का वळली नाही. "मी न्हाई तुज्या पल्टनीत," ती म्हणाली. तारीख चार वर्षे मागे गेली, आक्काने यंत्रावर अंगठा ठेवला, पावती छापून बाहेर आली. मेजरांनी ती दोन्ही हातांनी तिला दिली. "घ्या आक्का. सरकारी जित्या झालासा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का गाळ्यात आली. मी तिथे होतो. ती बसली नाही.

"आरं मेजर, कुठं नेऊन ठिवलंस मला?"

घडले होते ते असे. पावतीवरची तारीख संकेतस्थळाने संगणकाकडून घेतली होती. काउंटरवरच्या बाईंनी ती दोनदा वाचली. चार वर्षांपूर्वी तुम्ही जिवंत होता एवढेच यावरून कळते, त्या म्हणाल्या. मग त्यांनी खाते उघडून पाहिले आणि पुढची अडचण काढली. या तारखेला तुमचे यजमान हयात होते. मग त्यांच्या माघारी मिळणारी पेन्शन तुम्ही कशी मागता?

मेजरांनी पावती हातात घेतली. चूक त्यांचीच होती. टेंडरांसाठी काढलेला मुहूर्त त्यांनी जित्या माणसाला लावला होता.

"चुकलं आक्का. ह्ये फाडून टाकतो."

आक्काने पावती त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"फाडतोस कशाला? ह्या कागदावर त्ये जितं हाय. असू दे माज्यापाशी." तिने पावती घडी करून कमरेच्या चंचीत ठेवली आणि आवाज पुन्हा चढवला. "आन् मला मागं नेलंस त्ये नेलंस. येताना त्येला बी संगं घिऊन यायचं न्हवतं व्हय रं?"

गाळ्यात झेरॉक्ससाठी थांबलेले दोघे हसले. मेजर हसले नाहीत. त्यांनी रिझर्व्हची तारीख आजची केली आणि पुन्हा प्रयत्न सुरू केला.

आजच्या तारखेला संतरी ऐकेना. मेजर शोधत राहिले. एका अनोळखी संकेतस्थळावर मोठे हिरवे बटण दिसले. नवे प्लगिन, एका क्लिकमध्ये, सर्व दाखल्यांसाठी. त्यावर क्लिक करताच नेहमीपेक्षा गडद लाल पाटी आली.

"दाब की मग," आक्का म्हणाली. "तुला ठावं हाय मागलं दार."

मेजरांनी माउसवरचा हात उचलला.

"न्हाई आक्का. हितं संतरी खरं बोलतोय."

"आन् इतकं दिस?"

"इतकं दिस बी खरंच बोलत हुता. पर तवा आत जाणारा गडी मला ठावं हुता. म्हातारा, फाटका, पर सरकारी. ह्यो कोन हाय म्हाईत न्हाई. ह्येनं तुमचा अंगठा नेला तर कुठनं आणायचा?"

महिना संपत आला होता. मेजरांनी गाळ्याचे शटर ओढले, आक्काला स्कूटरवर बसवले आणि बँक गाठली. काय घडते ते पाहायला मी मागोमाग गेलो. वार्ताहराला एवढी मुभा असते.

काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितले, "ऑनलाइन पावती आणा."

मला वाटले, मेजर आता नियम काढतील किंवा आवाज चढवतील. ते दोन पावले मागे सरले, टाचा जुळवल्या आणि सगळ्या बँकेला ऐकू जाईल असे ओरडले, "आक्का!"

"हाय!" आक्का दुप्पट आवाजात ओरडली. तिचा नवरा सुट्टीवर आला की पोरांची हजेरी घ्यायचा, असे ती पुढे म्हणाली. तिला सराव होता.

बाईंनी वर पाहिले. मेजर अदबीने उभे होते. बाईंनी पुन्हा खाली पाहिले.

"आक्का!"

"हाय रं, हाय!"

रांगेतले लोक हसू लागले. एका म्हाताऱ्याला आपलीही हजेरी लावावी असे वाटले आणि त्याने स्वतःचे नाव घेऊन स्वतःच "हजर" म्हटले. त्याच्या मागच्यानेही म्हटले. शाखा व्यवस्थापक केबिनमधून बाहेर आले.

"काका, काय चाललंय?"

"काय न्हाई साहेब. मशीन म्हंतंय बाई दिसत न्हाई. निदान ऐकू तरी याव्यात म्हणून." मेजर पुन्हा आक्काकडे वळले.

"आक्का!"

"आजून हाय!" आक्का म्हणाली. "पर घसा बसाय लागलाय. लवकर करा."

काउंटरवरच्या बाईंना हसू आवरेना. त्यांनी खालचा खण उघडला आणि हयातीच्या दाखल्याचा छापील अर्ज काढला. तो तिथे होता, चालतही होता. ऑनलाइन आले की बँकेचे काम वाचते, इतकेच. आक्काने त्यांच्या समोर अंगठा उठवला, व्यवस्थापकांनी सही केली. डिसेंबरात लेकीच्या ओट्यावर पिशवी नेहमीच्या आवाजात पडली.

या गोष्टीलाही आता काही काळ झाला. ब्राउझरांनी जुन्या प्लगिनचे नावच टाकले. दाखला फोनवर आला. फोनपुढे चेहरा धरायचा, डोळे मिचकवायचे, झाले. मेजरांचा स्वतःचा दाखला मात्र तीनदा नाकारला गेला. "आख्खी नोकरी सावधानमधी डोळा हलवू नगंस म्हणून शिकवलं," ते वैतागून म्हणाले, "आन् आता मिचकवल्याबिगर जिता मानत न्हाईत." घरोघरी फोन झाल्यावर गाळ्यावरची गर्दी ओसरली. त्यांनी गाळा सोडला आणि ते पलूसकडे आपल्या गावी राहायला गेले. वजनकाट्याशेजारी आता मोबाइलची काच बदलून मिळते.

गेल्या उन्हाळ्यात मेजर जेवून पडले होते, ते उठले नाहीत.

नोव्हेंबरात द्राक्षबागांच्या बातमीसाठी पलूसला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या सोप्याच्या पायरीवर आक्का बसली होती. सकाळच्या एसटीने कुपवाडहून आली होती. मेजरांच्या पत्नी आत, चुलीजवळ भिंतीला टेकून. मेजर गेल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

"ऊठ," आक्का आत तोंड करून म्हणत होती. "सांगलीला बँकेत जाऊ. जिती हाईस म्हणून सांगाय नगं?"

"फोनवर हुतंय म्हनं आता," आतून आवाज आला.

"हुतंय. पर फोनवर केलंस तर घराभाईर कवा पडशील?"



"मला रडू यील तितं, आक्का."

"मग हितं रडून घे. बँकेत रांग आसती."

थोड्या वेळाने पाण्याचा आवाज आला. मग त्या दाराशी आल्या, अंगावरच्या साडीकडे पाहिले. "ही बरी हाय का?"

"बरी हाय की."

त्या परत आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. रस्त्यावर सांगलीची एसटी येऊन थांबली. कंडक्टरने गाडीच्या दारातून आक्काकडे पाहिले. आक्काने हाताने त्याला पुढे जायला सांगितले आणि पायरीवर जरा सरकून, दोघींना बसता येईल एवढी जागा केली.