मागच्या दाराची सुई

मेंढपाळांच्या त्या तळांवर माणसांचा डॉक्टर वर्षातून दोनदा येई, फोटो काढून घेई आणि धुळीला नावं ठेवत निघून जाई. जनावरांचा दवाखाना मात्र बारमाही उघडा. पत्र्याच्या त्या खोलीतला कंपाउंडर म्हणजे तमाम पुरुषांचा तारणहार. बाजारच्या गावाहून कुणी नको ते दुखणं घेऊन आला, की मागच्या दाराने आत शिरायचा आणि खाली मान घालून उभा राहायचा. कंपाउंडर त्याला नजरेनेच तोलायचा, मेंढ्यांच्या बाटलीतून अंदाजाने सुई भरायचा आणि टोचायचा. नाव नाही, नोंद नाही, बायकोची चौकशी तर नाहीच नाही. "आपल्या पोटात गोष्ट गेली की गेली," असं तो छाती फुगवून सांगे. केवढी ही लोकसेवा!

एकदा मागच्या दाराने त्याचा जावईच आला. दुसरा कुणी असता तर कंपाउंडरने थट्टा केली असती. जावयाला त्याने टोचलं, दोन शिव्या हासडल्या आणि तीही गोष्ट गिळून टाकली. घरची अब्रू वाचली म्हणून दोन घास जास्तच जेवला.

त्यानंतर मुलीचं दोनदा पोट पडलं. सासूने सुनेलाच बोल लावला. कंपाउंडरने टॉनिकची बाटली पाठवली. बापाने आणखी काय करायचं असतं?

तिसऱ्या खेपेला सहावा महिना लागला, तेव्हा मुलगी एक मेंढी ओढत दवाखान्यात आली.

"बाबा, हिने गाभ टाकला."

"नर कुठला होता?" कंपाउंडरने सवयीने विचारलं. "आधी त्याला बाजूला बांधा. त्याच्याबरोबरच्या सगळ्या माद्या तपासायला आणा. एकट्या हिला औषध देऊन काय उपयोग?"

हे तळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुलगी बाकावर बसली, पोटावर हात ठेवून.

"माझं दोनदा गेलं, बाबा. तेव्हा असं कुणीच विचारलं नाही."

 इतकी वर्षं पोटात जपलेलं सगळं कंपाउंडरने भडाभडा ओकलं, जावयाच्या नावासकट.  मुलगी रडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तिघं ट्रकने शहरातल्या इस्पितळात पोचली. जावई मागे गोण्यांवर, तोंड लपवून. रक्त तपासून नर्सने नवराबायको दोघांनाही सुया दिल्या.

"या बाळाची वेळ अजून गेलेली नाही," ती म्हणाली. "पण आधीच्या दोघांच्या वेळी कुठे होतात गं? साधी सुई असते ही. दवाखाना फार लांब पडतो का?"

मुलीने बापाकडे पाहिलं.

"नाही हो ताई," ती म्हणाली. "माहेरीच आहे."