नुसती टिंगटिंग

"कोन वाजाडी ऱ्हायनं वं? भलतं गोड लागी ऱ्हायनं," खिडकीखालच्या ओट्यावर बसलेल्या शेजारच्या काकूंनी विचारलं.

"मन्ही सून," मम्मी म्हणाली. "तिना हातच गोड शे."

"आन तुन्ही पोर?"

"ती नुसती टिंगटिंग करस."

वरच्या खोलीत गिटार माझ्या मांडीवर होती. वाजवत होते मी. वहिनी गच्चीवर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती.

बोटं थांबली नाहीत याचंच मला नवल वाटलं. गाणं इंग्रजी आहे, रॉकमधलंच, पण हळू आणि हळवं. प्लास्टिकच्या पट्टीने तारा झोडायच्या नाहीत, बोटांनी एकेक छेडायची. अंगठा जाड तारांवर संथ चालत राहतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवरून सूर उचलतात. बोटांचं काय चाललंय याची अंगठ्याला खबर लागता कामा नये. माझ्या अंगठ्याला सगळ्याची खबर असायची. कॉलेज संपवून शहाद्याला परत आल्यापासून मी दार लोटून, फोनवरचा व्हिडिओ अर्ध्या वेगावर लावून तेवढंच करत होते. त्या दुपारी ते पहिल्यांदाच शेवटपर्यंत न अडखळता आलं. आणि आल्या आल्या वहिनीचं झालं.

वहिनी उन्हाळ्यात लग्न होऊन आली. सुरतेला वाढलेली, पण खानदेशी लोकांच्या गल्लीत, त्यामुळे मम्मीशी अहिराणीत अशी बोलते की ऐकणाऱ्याला दोघी मायलेकी वाटाव्यात. मी बालवाडीपासून इंग्रजी शाळेत. मम्मी अहिराणीत विचारते, मी मराठीत उत्तर देते, तेही नेमकं आणि तोकडं. वहिनी आल्यावर स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज यायला लागले. मी आत गेले की दोघी थांबून माझ्याकडे बघायच्या, काही हवंय का, अशा नजरेने.

एकदा ती माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, मला पण दाखवा ना. गंमत म्हणून."

मी याच गाण्याची सुरुवातीची चाल दाखवली. दिवाळीत पाहुण्यांसमोर तिने तीच चाल वाजवली. दोन ठिकाणी चुकली, चुकल्यावर हसली आणि वरून गुणगुणली. तिचा आवाज चांगला आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चुका फक्त मला ऐकू आल्या, आणि त्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. "मला ताईंनीच शिकवलं," असं ती एकेकाला सांगत होती. तिने ते सांगितलं नसतं, तर मला तिचा धड राग तरी करता आला असता.

थंडीत आमच्याकडे वर्षाचं तिखट होतं. गच्चीभर मिरच्या पसरतात आणि घरातल्या बायका देठ खुडायला बसतात. माझ्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं तारांनी सोलवटलेली. पहिल्या दिवशी मिरच्यांना हात लावला आणि अशी आग झाली की मी बोटं दह्यात बुडवून बसले. "काम निंघनं का हिना हात दुखस," मम्मी म्हणाली. दुसऱ्या दिवशी वहिनीने माझी टोपली स्वतःकडे ओढून घेतली. "ताई, तुम्ही जा खाली. वाजवा. माझं मी बघते."

म्हणजे तिने दिलेल्या वेळातच ते गाणं मला जमलं होतं. हे सगळ्यात जास्त झोंबत होतं.

जिन्यात चपला वाजल्या. "चाल, दाखाडस तुले," म्हणत मम्मी काकूंना घेऊन वर आली. दारात थबकली. माझ्याकडे, मग गिटारीकडे पाहिलं.

"ती कोठे गयी?"

मी तोंड उघडेपर्यंत मम्मीने गच्चीकडे हाकही मारली होती. वहिनी खाली आली, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, नाक खांद्याला पुसत.

"हात धोय आन परत वाजाड. काकूले ऐकनं शे."

"मी ते वर व्हतू, मम्मी. ताई वाजाडी ऱ्हायन्यात."

मम्मी काकूंकडे वळून कौतुकाने हसली. "देख! नणंदनी बाजू कशी लेस."

काकूही हसल्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. एरवी मला ते बरं वाटतं. पाहुणे आले की मी अशीच एका कोपऱ्यात मावते, आणि चहाचे कप उचलायच्या वेळीच लोकांना दिसते. आज मात्र मानेपर्यंत तापले होते. वहिनीने खरं सांगून पाहिलं होतं आणि त्याचंही श्रेय तिच्याच पदरात पडलं होतं.

काकू कॉटवर टेकल्या. मम्मीने गिटार घ्यायला हात पुढे केला. मी ती सोडली नाही. बोटं परत पहिल्या जागी ठेवली, दुखत होती तरी दाबली. मम्मीचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग तिने तो पदराला पुसला.

अंगठा चालू लागला. पहिली ओळ नीट गेली. वहिनी माझ्याशेजारी फरशीवर येऊन बसली, तिच्या अंगाला मिरच्यांचा तिखट वास होता. मला सांभाळून घ्यायला तिने मान डोलावली, श्वास घेतला, गुणगुणायला ओठ उघडले. तिचा एक सूर लागायचा अवकाश, की गाणं पुन्हा तिचंच होणार होतं.

"वहिनी, तुम्ही म्हणू नका," मी म्हटलं. "मी एकटी वाजवते."