फुटलेली कढी आणि जीवनमरणाचा थरार

"आवं सर, ह्यात कुणी मरत कसं न्हाई?"

विट्याचे केबलमालक प्रतापराव मला विचारत होते. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी सांगलीत नाटकं लिहायचो आणि पोटासाठी डबिंग करायचो. डबिंग म्हणजे पडद्यावरच्या माणसाच्या तोंडी आपली भाषा घालायची. त्याचं तोंड मिटलं की आपलं वाक्य संपलं पाहिजे.

प्रतापरावांनी लोकल चॅनेलसाठी एक जपानी कार्टून मिळवलं होतं. एक मुलगी व्हिडिओ गेमच्या जगात जाऊन पडते. तिथे मेलेला माणूस गावच्या विहिरीपाशी पुन्हा उभा राहतो. टीव्हीला जोडायच्या गेममध्ये पोरांना नवी लाइफ मिळते, तसंच. या मुलीला लढायचं नसतं. तिला एका म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली स्वयंपाक शिकायचा असतो. चौथ्या भागात तिची परीक्षा होती. एक पांढरं सूप करायचं, ढवळणं थांबलं की नासणारं. सूप कुणाला कळणार, म्हणून मी त्याची कढी केली.

"टेन्शन कुठं हाय सांगा," प्रतापराव म्हणाले. "मेली तरी उठती. मग लोकं बघत्याल कशाला?"

"कढी फुटली तर आचारी तिला ठेवून घेणार नाही. तिच्या दृष्टीने तेवढं पुरे आहे."

"कढीसाठी कोण बसतंय टीव्हीम्होरं!"

मी हसून सोडून दिलं. तिथेच चुकलो.

शनिवारी तयार कॅसेट बघायला गेलो. प्रतापरावांचं ऑफिस घरातच होतं, त्यामुळे माजघरातल्या टीव्हीवर लावली. त्यांच्या आई, म्हणजे आक्का, तिथेच घेवडा निवडत बसल्या होत्या. भाग सुरू झाला आणि मध्येच एक पुरुषी आवाज गरजला, "आज ही मुलगी हरली, तर खरोखर मरणार! कायमची!"

आवाज प्रतापरावांचा. खालच्या पट्टीवर मराठी लेखन म्हणून नाव माझं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आक्कांनी मान वर करूनही बघितलं नाही.

मग मुलीने चूल पेटवली. पातेलं ठेवलं, ढवळायला लागली. तेवढ्यात दारात कुणीतरी हाक मारली. तिने वळून बघितलं आणि पळी थांबली.

आक्कांच्या हातातला घेवडा तसाच राहिला.

"अगं ढवळ! ढवळ की गं बया!" त्या अर्धवट उठल्याच.

कढी फुटली.

"गेली," आक्का खाली बसल्या. मला म्हणाल्या, "आता ठिवून घेतंय व्हय त्यो तिला?"

पडद्यावर मुलगी मुकाट्याने पातेलं घासत होती. धडधाकट. प्रतापरावांचा चेहरा उतरला. पहिली पाच मिनिटं बघूनच त्यांनी ते वाक्य ठोकलं होतं. ती हरते, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"काढा ते वाक्य," मी म्हणालो.

"आता कसं काढणार? 'जीवनमरणाचा थरार' म्हणून सकाळपास्नं चॅनेलवर जाहिरातीची पट्टी फिरवतूय. त्यापरीस शेवटाला ती मेली म्हणून एक वाक्य घाला."

"ती भांडी घासतेय, प्रतापराव! मेलेली माणसं भांडी घासतात?"

"तुमी लेखक हाय न्हवं? बसवा कायतरी."

तीन रात्री जागून मी त्या मुलीची वाक्यं बसवली होती. आणि हा गृहस्थ पाच मिनिटं बघून तिला मारायला निघाला होता! माझं नाव काढा, एवढं ओरडून मी निघालो. नाव त्यांनी काढलं. वाक्य ठेवलं.

रविवारी भाग दाखवला. प्रतापरावांना दिवसभर फोन. "मेली का न्हाई? मरणार म्हनला हुता की!" पुढच्या आठवड्यात प्रतापरावांनी मालिकाच बंद केली आणि गावभर सांगितलं, जपानी मालात दम नाही आणि सांगलीच्या लेखकातही नाही. माझे उरलेले भाग लिहून तयार होते. त्याचा राग मला अजून येतो.

चार महिन्यांनी विट्याच्या स्टँडवर आक्का भेटल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी मला थांबवलं.

"आवं मास्तर, त्या पोरीला घेतलं का वो आचाऱ्यानं?"

"घेतलं. सातव्या भागात कढी जमली तिला."

"बरं झालं बाई. लय घोर लागला हुता जिवाला."

थराराबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. डबिंग शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो: लोकांना घाबरवायचं असेल तर आधी शेवटपर्यंत बघा.