सुमनजी कोणत्या शाखेच्या?

देवाने ग्वाल्हेरसाठी म्हणून जेवढी भीड खाली पाठवली असेल, त्यातली निम्मी तरी आमच्या आतोबांनी एकट्याने उचलली, असं माझं ठाम मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन पुढे निघून गेला, तर ते त्याला हाक मारत नाहीत. डॉक्टरांनी जिलबी बंद केल्यासारखा चेहरा करून पानाकडे बघत बसतात. दुकानदाराने खोकी उघडून उघडून दमल्यासारखं दाखवलं म्हणून एकदा ते एक नंबर लहान बूट घेऊन आले आणि ते फाटेपर्यंत लंगडत वापरले. टेंपोत बसल्यावर फूलबागेला उतरायचं असलं, तरी 'रोकना भैया' एवढे दोन शब्द त्यांच्या घशातून निघत नाहीत. दुसरं कोणी उतरणारं असलं तर ठीक, नाहीतर थेट शेवटचा थांबा, मुरार. एकदा मुरारच्या बाजारात ते मला हातात झाडू घेऊन उभे दिसले. मी विचारायच्या आत म्हणाले, "काही नाही रे, इथे झाडू चांगले मिळतात." असे झाडू त्यांच्या घरी बरेच साठले आहेत.

विचारण्याचं सगळं खातं आत्याकडे होतं. तिला कशाचीच लाज वाटत नसे. टोपी बाजारात ती दुकानदाराला मालाचा भाव विचारी, तो माल कुठून आला ते विचारी, आणि त्याच्या मुलीचं लग्न का मोडलं तेही विचारून घेई. दवाखान्यात आतोबा स्वतः डॉक्टरांसमोर बसलेले असत, पण कुठे दुखतं ते आधी आत्याच्या कानात सांगत आणि आत्या ते डॉक्टरांना सांगे. "भीड भिकेची बहीण, आणि ती माझ्या नशिबी नणंद म्हणून आली," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. ती गेली तेव्हा घरात रडारड झाली ती झालीच. पण मला आठवतं ते हे की तेराव्याला पाणी हवं असूनही आतोबा कितीतरी वेळ रिकामा पेला हातात धरून बसले होते. शेवटी माझ्या बायकोच्या लक्षात आलं.

आम्ही दोघंही एकाच ट्रान्सपोर्ट कंपनीत आहोत. आतोबा तिथले बडे बाबू. सबंध आयुष्य बिल्टी, म्हणजे ट्रकबरोबर जाणारी मालाची पावती, लिहिण्यात गेलं. अक्षर असं की ट्रकवालेसुद्धा बिल्टी घडी न घालता नेत. पण आता बिल्ट्या कॉम्प्युटरवर निघतात, माल हलायच्या आधी सरकारी पोर्टलवर ई-वे बिल काढावं लागतं, आणि रोज काहीतरी नवं अडतं. बाहेरचा माणूस बोलावून शिकवणी लावणं शेठजींच्या स्वभावात नाही. म्हणून त्यांनी मला सगळ्या शाखांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप काढायला सांगितलं. मी नाव ठेवलं 'सीखो-सिखाओ' आणि आत यायची लिंक पाचही शाखांना पाठवून दिली. ज्याचं अडेल त्याने स्क्रीनचा फोटो टाकायचा, ज्याला येत असेल त्याने उत्तर द्यायचं, इतकं सोपं. पहिले कित्येक दिवस ग्रुपवर फक्त गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. अडत सगळ्यांचंच होतं, पण विचारणार कोण? विचारलं की येत नाही हे पाच शाखांना कळणार. सगळे मूग गिळून बसले होते, आणि सर्वांत मोठा गुलाब रोज आतोबांचा असे.

मग एका सकाळी ग्रुपवर प्रश्न आला. 'गाड़ी रास्ते में बिगड़ गई, माल दूसरी गाड़ी में चढ़ाया. अब ई-वे बिल में गाड़ी का नंबर कैसे बदलें? मैं नई हूँ, हँसिएगा मत.' बाकीच्यांच्या फोनवर वर नाव दिसत होतं 'सुमन'. माझ्या फोनमध्ये तो नंबर आधीपासून साठवलेला होता. माझ्या फोनवर दिसलं 'सुमीआत्या'.

हातातला चहा माझ्या शर्टावर सांडला. आत्याचं माहेरचं नाव सुमन. लग्नात आमच्या पद्धतीप्रमाणे नाव बदलून तिची वसुधा झाली, त्यामुळे ऑफिसातल्या लोकांना ती वसुधा भाभी म्हणूनच माहीत. मी मान वर करून पाहिलं. समोरच्या टेबलावर आतोबा अर्धवट उघड्या ड्रॉवरमध्ये डोकं घालून बसले होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. आत्याचा फोन त्यांनी अजून रिचार्ज करून ठेवला होता हे मला तेव्हा कळलं. पोर्टलवर काय अडलं ते मला, म्हणजे हातभर अंतरावर बसलेल्या भाच्याला विचारायची त्यांना लाज वाटत होती. आणि मला कळलंय हे त्यांना कळू द्यायची मला लाज वाटली. न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तसं झालं. मी फोन उलटा ठेवला आणि उगाच स्टेपलर शोधू लागलो.

पण गंमत अशी की सुमनजींनी विचारलं आणि बांध फुटला. भिंडचे तोमरजी एरवी कोणाला सरळ उत्तर देतील तर शपथ, त्यांनी नंबर कसा बदलायचा याचा अख्खा व्हिडिओ करून टाकला. दुसऱ्या दिवशी शिवपुरीहून प्रश्न आला, मग मुरैन्याहून. सुमनजींच्या शंका थांबत नव्हत्या: पीडीएफ लहान कशी करायची, चुकीचा पिन कोड पडला तर काय, पासवर्ड विसरला तर कोणाच्या पाया पडायचं. प्रत्येक शंका प्रत्येकाची होती. सुमनजी कोणत्या शाखेच्या, हे कोणीच विचारलं नाही, कारण प्रत्येक शाखेला त्या दुसऱ्या शाखेच्या वाटत. उलट 'सुमनजी, खाना खाया?' अशी विचारपूस सुरू झाली.

आता आतोबांना भीती वाटू लागली की कोणाला संशय येईल. म्हणून त्यांनी स्वतःच्या नंबरावरून सुमनजींना झापलं. 'सुमनजी, इतना भी नहीं आता? काम पर ध्यान दीजिए. – बड़े बाबू.' मिनिटभरात ड्रॉवरमधून उत्तर गेलं, 'क्षमा करें सर, आगे ध्यान रखूँगी.' झालं, सगळा ग्रुप बडे बाबूंवर तुटून पडला. तोमरजींनी लिहिलं, 'बेचारी नई है, आप पेट से सीखकर आए थे क्या?' ऑफिसातही त्यांच्याशी लोक तुटक बोलू लागले, चहा त्यांच्यापर्यंत येईतो गार होऊ लागला. आतोबा माझ्याजवळ येऊन कळवळून म्हणाले, "लोक किती लागट बोलून राहिलेत रे! मतलब, मी काय इतका वाईट आहे का?" त्या संध्याकाळी सुमनजींनी ग्रुपवर लिहिलं की सरांच्या बोलण्याचा राग धरू नका, ते मनाचे फार चांगले आहेत. ते वाचून मी मेल्याहून मेल्यासारखा झालो, आणि हसूही आवरेना.

दसरा जवळ आला. आमच्याकडे त्या दिवशी सगळे ट्रक धुऊन, हार घालून यार्डात उभे करतात, पूजा होते, पाचही शाखांची माणसं जेवायला येतात. शेठजींनी मला बोलावून सांगितलं, "इस बार सुमनजी का सत्कार करेंगे. शाल, श्रीफल. उन्हीं से तो सब सीखे. तुम एडमिन हो, बताओ, कौन-सी ब्रांच की हैं?" मी पूजेच्या आधी सांगतो म्हणून सुटका करून घेतली. खरं कळलं असतं तर बडे बाबूंची आयुष्यभराची पत गेली असती, आणि आपल्याला फसवलं म्हणून लोक पुन्हा गुलाबावर आले असते ते वेगळंच. मी संध्याकाळी आतोबांकडे गेलो. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर भिंतीकडे बघत म्हणालो, "सुमनजींना दसऱ्याला बोलावलंय. सत्कार आहे."

आतोबाही भिंतीकडेच बघत होते. "त्यांना जमणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"त्या आता नाहीत ना," असं म्हणून ते चहा टाकायला आत गेले, आणि मी जाईपर्यंत काही बाहेर आले नाहीत.

दसऱ्याला पूजा झाली, नारळ फुटले. मी शेठजींना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी हातात शाल घेऊन मोठ्याने विचारलं, "सुमनजी कौन हैं भाई? आगे आइए." सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. तोमरजी तर टाचा उंचावून बायकांच्या रांगेत शोधत होते. मी मान खाली घातली. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, इतका बारीक की पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेला नाही. आतोबा उभे राहिले होते. त्यांनी पुन्हा म्हटलं, "सुमन मेरी पत्नी का नाम था. सवाल मेरे थे. मुझे नहीं आता था."

आतोबा एक पाऊल मागे सरकले. हा माणूस आता पळत सुटणार असं मला वाटलं आणि मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला. मग तोमरजी पुढे आले आणि घसा खाकरून म्हणाले, "बड़े बाबू, आता तो हमें भी नहीं था. वो वीडियो हमने अपने साले से पूछकर बनाया था." मग हशा पिकला, तोही असा की त्यात आतोबा एकटे पडले नाहीत. शेठजींनी शाल त्यांच्याच खांद्यावर टाकली. ती शाल त्यांनी खांद्यावरून खाली येऊ दिली नाही, जेवतानासुद्धा.

त्यानंतर आतोबा स्वतःच्या नंबरावरून विचारू लागले. अजून प्रत्येक प्रश्न लिहून दोनदा पुसतात, मला समोरून दिसतं. दिवाळीच्या आधी एकदा ते माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "तिचा नंबर ग्रुपमधून काढून टाक. किती दिवस तिलाच पुढे करायचं? लाज वाटते मला." मी बरं म्हणालो. दोन-तीनदा त्या नावावर बोट नेलं. काढलं की ग्रुपवर सगळ्यांना दिसतं, आणि माझ्या फोनवर 'तुम्ही सुमीआत्या यांना काढलं' असं दिसणार.

अजून काढलेलं नाही. आतोबा रोज बघत असणार. पण का नाही काढलंस, हे विचारायची त्यांना लाज वाटते, आणि सांगायची मला.