दुकानापुढचा बुंधा

बार्शीच्या बाजारातला तो लोहार अवजार विकण्याआधी दुकानापुढच्या बोरीच्या बुंध्यावर गिऱ्हाइकाचा हात पारखून बघायचा. माझं पडीक रान बोरींनी माजलं होतं. तिथं गुरांसाठी कुरण करायचं म्हणून मी मोठा लोखंडी नांगर मागितला.

“नांगरानं गवतबी उलथंल की! मग गुरं काय ढेकळं खातील? नुसत्या बोरी काढा,” म्हणत त्यानं माझ्या हाती कुदळ दिली. “हाणा!”

पहिली कुदळ हाताला जड पडली, त्यानं बदलून दिलेली दुसरी हलकी. तिसरी हाताला अशी बसली, की ईर्ष्येला पेटून मी तासाभरात बुंधा मुळासकट उपटला. तो टाळ्या वाजवत हसला.

पुढच्या बाजारी गेलो, तर लोहार नवा बुंधा पुरून पायानं माती दाबत होता. मला बघताच ओरडला, “लांबच थांबा, पावणं! ह्यो तरी दिवाळीपातुर टिकू द्या!”