अमेरिकेची बाजू माझ्या वाट्याला

लखनौला बदली होऊन मला चौथं वर्ष लागलं होतं. आमच्या इथल्या मराठी मंडळात बँकवाले, सरकारी कंपन्यांतले आणि हवाई दलातले असे सगळे मिळून तीसेक कुटुंबं. दर हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मंडळाची वादविवाद स्पर्धा व्हायची. विषय बहुतेक मोबाइल शाप की वरदान अशा धर्तीचा. त्या वर्षी मात्र मंडळाचे अध्यक्ष, हवाई दलातून निवृत्त झालेले साताऱ्याचे काका, हट्टाला पेटले. त्यांनी विषय दिला : अमेरिकेने दुसऱ्या देशांत लोकशाही रुजवायला जावं का? बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायच्या होत्या. मला ‘जावं’ निघालं आणि माझ्या बायकोला ‘जाऊ नये’.

दोघांचीही पंचाईत झाली, कारण आमची खरी मतं नेमकी उलट होती. टीव्हीवर बातम्या लागल्या की अमेरिकेवर तोंडसुख घेणारा मी, आणि तिची कड घेणारी बायको. तिचा भाऊ तिकडे असतो, हे एक कारण असेल. पण हुकूमशहा पडला की तिला मनापासून आनंद होतो, हे खरं. आता इतकी वर्षं मी जेवताना जे जे बोललो होतो, ते सगळं तिला पाठ होतं. मला मात्र तिचे मुद्दे आठवेनात. ऐकले असते तर आठवले असते.

म्हणून मी घरमालकांकडे गेलो. लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत आम्ही त्यांच्या घरात वर भाड्याने राहायचो, खालच्या मजल्यावर ते एकटे राहत. मूळचे जुन्या लखनौतल्या चौक भागातले, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मला दोन संध्याकाळी बसवून शिकवलं. बॉम्बचं नावच काढू नका, म्हणाले; महायुद्धानंतरच्या जपानबद्दल आणि जर्मनीबद्दल बोला. मी खूश होऊन वर आलो. चार दिवसांनी बँकेतून परतताना त्यांच्या दारातून बायकोचा आवाज ऐकू आला. आत पाहतो तर ते तिला जपानच्या मुद्द्याचं उत्तर लिहून देत होते.

मला पाहून ते जराही गडबडले नाहीत. “मास्टर आदमी हूँ, भाई,” ते म्हणाले. “मेरे लिए तो आप दोनों ही शागिर्द हैं.” मग त्यांनी मलाही बसवलं आणि तिघांना चहा आणला.

स्पर्धेत पहिला मी बोललो. बरा बोललो. जपान झालं, जर्मनी झालं. शेजारच्या घरात कुणी बायकामुलांना मारत असेल तर आपण खिडकी लावून घेणं हा काही सभ्यपणा नव्हे, असं म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. मग बायको उठली. जपानात संसद आणि निवडणुका युद्धाच्या कितीतरी आधीपासून होत्या, हे तिने शांतपणे सांगितलं. अफगाणिस्तानात वीस वर्षं राहून हाती काय लागलं, ते विचारलं. माझीच वाक्यं, माझ्याच चढउतारांसकट. आणि शेवटी ती म्हणाली, “लोकशाही शिकवणारा माणूस निकाल मनासारखा लागेपर्यंतच लोकशाहीवाला असतो. माझ्या माननीय प्रतिस्पर्ध्यांच्या घरचंच उदाहरण देते.”

मी खुर्चीत सावरून बसलो.

आदल्या वर्षी मला गोमती नगरला नव्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं होतं. मी, बायको आणि मुलगी, घरात प्रत्येकाला एक मत, असं मीच जाहीर केलं होतं. निकाल लागला दोन विरुद्ध एक, महानगरातच राहायचं. मी म्हणालो, मतदारांना पुरेशी माहिती नव्हती. दोघींना गोमती नगर फिरवून आणलं, मॉलमध्ये जेवायला घातलं आणि पुन्हा मतदान घेतलं. पुन्हा दोन विरुद्ध एक. तेव्हा मी तिसऱ्यांदा मतदान घ्यायचा ठराव मांडला होता. हे सगळं तिने तपशीलवार सांगितलं. अध्यक्षकाकांना हसून हसून ठसका लागला.

उत्तराला मला दोन मिनिटं होती. मी कबूल केलं की सगळं खरं आहे. “पण आम्ही आजही महानगरातच राहतो,” मी म्हणालो. “मी निकाल उशिरा मानला, पण मानला.” या वाक्यावर मला बायकोच्याही टाळ्या मिळाल्या, हे मी कधी विसरणार नाही.

मग प्रश्नोत्तरं. नियम असा की प्रश्न मराठीतच विचारायचा. आमची मुलगी नववीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर नेहमी हिंदीत. ती तिसऱ्या रांगेत उभी राहिली तेव्हा मला वाटलं, पाणी हवं असेल.

“तुम्ही दोघं अमेरिकाबद्दलच बोलत आहात,” ती म्हणाली. “जिथे जायचं, तिथल्या लोकांनी बोलावलं आहे का, हे कुणी सांगितलंच नाही. घरी बाबांनी मला मत दिलं. मी मागितलं नव्हतं. पण मिळालं तर, मतलब, मिळाल्यावर, मला फार आवडलं. मग मी कुणाच्या बाजूला?”

मी बायकोकडे पाहिलं. मला उत्तर येत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. बायको म्हणाली, “मलाही नाही येत.” काकांनी माइक घेतला आणि आपल्यालाही येत नाही असं सांगून जेवणाची पानं मांडायला लावली. प्रश्नोत्तरांआधी हात वर करून झालेल्या मतदानात बायको जिंकली होती, पण ते जाहीर करायचं ते विसरूनच गेले. मसालेभात वाढता वाढता आठवलं, तेव्हा त्यांनी पंक्तीतच सांगून टाकलं.

जेवताना लोक मुलीला आपापलं उत्तर सांगायला येत होते. हवाई दलातल्या दोघांचं तिच्यासमोरच वाजलं. ती अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलत सगळ्यांना उलटे प्रश्न विचारत होती आणि तिची जिलबी ताटात तशीच पडून होती.

परतताना ई-रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. घराजवळच्या कपूरथला चौकात गर्दीत अडकलो, तेवढ्यात बायको म्हणाली, “पण खरं सांगू का, जायलाच पाहिजे.” मी म्हणालो, मुळीच नको. मधे बसलेल्या मुलीने दोघांच्या गुडघ्यांवर हात ठेवले.

“एक-एक करके,” ती म्हणाली. “आधी आई.”